सुटे रेणू, लांब साखळ्या: बहुवारिकं कशी तयार होतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा हा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न यायचे. पुढे काही विद्यार्थी मोल्डिंगच्या कारखान्यांत लागले. त्यांनी पुस्तकात नसलेले प्रश्न विचारून माझीच शिकवणी घेतली. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही, हवं ते आधी वाचा. फक्त तिसरा प्रश्न सोडू नका, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी त्याचा आधार घेतला आहे.

बहुवारिक म्हणजे नेमकं काय?

छोटे रेणू एकापुढे एक पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन झालेला एकच लांबलचक रेणू. सुटा तुकडा म्हणजे एकवारिक आणि जोडण्याची क्रिया म्हणजे बहुवारिकीकरण. हे शब्द परीक्षेत लिहायचे. एरवी कॉलेजात मोनोमर-पॉलिमर चालतं आणि कारखान्यात नुसतं 'मटेरियल' किंवा 'दाणा'.

लांब म्हणजे किती, ते एकदा मोजून पाहू. इथिलीन या वायूचा रेणूभार २८. असे दहा हजार रेणू ओळीने जोडले की एका साखळीचा रेणूभार २,८०,००० होतो. साखळीतला प्रत्येक दुवा साधारण पाव नॅनोमीटरचा, म्हणजे ताणून सरळ केली तर ती अडीच मायक्रोमीटर भरेल. जाडी मात्र जेमतेम अर्धा नॅनोमीटर. हेच प्रमाण शेवईला लावलं, तर एक मिलिमीटर जाडीची शेवई पाच मीटर लांब होईल. अशा कोट्यवधी शेवया एका पातेल्यात ओतल्या की त्या सरळ थोड्याच राहणार? एकमेकींत गुंततात. प्लास्टिकचा चिवटपणा बराचसा या गुंत्यातून येतो.

मेणबत्तीचं मेण आणि पॉलिथिनची बादली शेजारी ठेवून बघा. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन हेच, त्याच पद्धतीने जोडलेले. मेणात वीस ते चाळीस कार्बनच्या साखळ्या असतात, बादलीत हजारो कार्बनच्या. मेण नखाने खरवडता येतं. बादली तुम्ही भरून उचलता. फरक जवळजवळ सगळा लांबीचाच.

हे खरंच एकसंध रेणू असतात, की छोटे रेणू नुसते चिकटून बसलेले असतात?

शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही हीच शंका होती. रबर, स्टार्च, रेशीम यांचे रेणूभार मोजताना अवाढव्य आकडे यायचे. तेव्हा बहुतेकांचं मत असं, की छोटे रेणू कसल्या तरी कमकुवत ओढीने गोळा झालेत. जर्मनीच्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली निबंध लिहून सांगितलं, की हे गोळे नाहीत, साध्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या आहेत. सहकाऱ्यांनी त्यांना हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. त्यांनी सोडला नाही. नोबेल मिळालं १९५३ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, आणि तोवर नायलॉनचे मोजे जगभर विकून झाले होते.

वायूचं घट्ट प्लास्टिक कसं होतं? इथिलीनचे रेणू एकमेकांचे हात धरतात तरी कसे?

लहानपणी साखळीची पकडापकडी खेळला असाल. एकावर राज्य येतं. तो ज्याला पकडेल त्याने त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचं. साखळी वाढत जाते. आपण त्यात एक छोटा बदल करू: नवा पकडलेला गडी टोकाला उभा राहतो आणि राज्य त्याच्यावर जातं. पुढचा गडी फक्त तोच पकडू शकतो, मधल्यांना परवानगी नाही.

इथिलीनमध्ये दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यातला एक बंध भक्कम, दुसरा तुलनेने सैल. नुसता इथिलीन भरून ठेवला तर वर्षानुवर्षं काही होणार नाही, कारण राज्य कोणावरच नाही. ते सुरू करून द्यायला आरंभक लागतो, बहुधा एखादं पेरॉक्साइड. तापवलं की त्याच्या रेणूचे मधोमध दोन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. हा मुक्त मूलक. हेच आपलं राज्य.

मूलक इथिलीनच्या सैल बंधातला एक इलेक्ट्रॉन ओढून स्वतःची जोडी जमवतो. त्या बंधातला दुसरा इलेक्ट्रॉन आता इथिलीनच्या पलीकडच्या कार्बनवर एकटा पडतो. राज्य सरकलं. तो पुढच्या इथिलीनशी तेच करतो. पुन्हा सरकलं. हजारो रेणूंची साखळी उभी राहायला सेकंदभरही पुरतो. मध्ये काही सांडत नाही, पाणी नाही की वायू नाही; आले ते सगळे अणू साखळीतच बसतात. पाठ्यपुस्तकात याला समावेशन बहुवारिकीकरण म्हणतात. पॉलिथिन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन, टेफ्लॉन ही सगळी या घरातली.

पॉलिथिन सापडलं ते अपघाताने. इंग्लंडमध्ये नॉर्थविचजवळच्या विनिंग्टन इथल्या आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांची अतिउच्च दाबाखाली अभिक्रिया घडवू पाहत होते. दाब जवळपास १,९०० वातावरणांचा, तापमान १७० अंश. २७ मार्च १९३३ रोजी भांडं उघडलं तेव्हा हवं होतं ते झालेलंच नव्हतं, पण आत पांढरा मेणासारखा थोडा पदार्थ होता. एक ग्रॅमसुद्धा नाही. प्रयोग पुन्हा केला तर स्फोट! कोडं सुटायला १९३५ साल उजाडलं. त्या वेळी भांड्याला गळती लागली म्हणून नव्याने इथिलीन भरला, आणि त्यात योगायोगाने नेमका हवा तेवढा ऑक्सिजन होता. तोच आरंभकाचं काम करून गेला. कमी पडला तर साखळी सुरू होत नाही, जास्त झाला तर भांडं फुटतं. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलींना जे वेष्टण लागलं ते याच पदार्थाचं.

पिकणारे आंबेही इथिलीन सोडतात म्हणे. मग अढीत प्लास्टिक का होत नाही?

वायू तोच, बरोबर. पण तिथे राज्य घेणारं कोणी नाही, दोन हजार वातावरणांचा दाब नाही, आणि हवेत इथिलीन लाखात काही भाग इतका विरळ. बाजूचा आंबा पिकवायला तेवढा पुरतो, पिशवी करायला नाही.

साखळी थांबते कुठे? सगळ्या सारख्या लांबीच्या होतात का?

सारख्या होत नाहीत. थांबण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. राज्य असलेली दोन टोकं समोरासमोर आली की दोघांचे एकटे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि खेळ संपतो. किंवा एक टोक दुसऱ्याचा हायड्रोजन पळवतं आणि दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या पण मुक्या होतात. तिसरा मार्ग म्हणजे राज्य एखाद्या तिऱ्हाईत रेणूवर उडी मारतं. जुनी साखळी थांबते, नवी सुरू होते. कारखान्यात मुद्दाम असे तिऱ्हाईत थोडे घालून सरासरी लांबी आवरतात.

म्हणून एकाच पोत्यातल्या दाण्यात लहान-मोठ्या साखळ्यांची खिचडी असते. पॉलिमरचा रेणूभार म्हणून जो आकडा सांगतात तो नेहमी सरासरीचा. निसर्गातली प्रथिनं यात वेगळी: एका प्रथिनाच्या सगळ्या साखळ्या नेमक्या तितक्याच दुव्यांच्या, क्रमही तोच. ते जमवायला पेशी जी यंत्रणा वापरते तिच्यापुढे आपले कारखाने म्हणजे फावड्याने विणकाम.

कुठलाही रेणू दुसऱ्याला जोडता येतो का?

नाही. रेणूला जोडणीच्या किमान दोन जागा हव्यात, माणसाला दोन हात असावेत तशा. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाला एकच हात. तो अल्कोहोलचा हात धरतो, एक एस्टर होतं, विषय संपला. दोन्हीकडे दोन-दोन हात असले तर ओळ लांबत जाते. आणि तीन हातांचे रेणू मिसळले तर ओळ न राहता जाळं विणलं जातं. इथिलीनला हात दिसत नाहीत असं मुलं म्हणतात. सैल बंध उघडला की दोन्ही कार्बनवर एक-एक जागा मोकळी होते, तेच त्याचे दोन हात.

नायलॉन आणि पॉलिएस्टर कसं बनतं? तेही तसंच का?

इथे खेळच वेगळा. राज्य वगैरे काही नाही. मैदानावर सगळ्यांनाच एकदम सांगितलं, की जो जवळ दिसेल त्याचा हात धरा. आधी जोड्या होतील. मग जोडी जोडीला भेटेल, चौकडी होईल. चौकडीला एकटा भेटेल, पाच होतील. सगळीकडे तुकडेच तुकडे, आणि खरी लांब साखळी अगदी शेवटी, जेव्हा तुकडे तुकड्यांना जोडले जातात तेव्हा.

नायलॉन ६६ मध्ये दोन प्रकारचे गडी असतात. एकाच्या दोन्ही हातांवर आम्लाचा गट, दुसऱ्याच्या दोन्ही हातांवर अमाईनचा. दोघांतही सहा-सहा कार्बन, म्हणून ६६. आम्लाचा हात अमाईनच्या हातात गेला की अमाइड बंध होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पॉलिएस्टरमध्ये टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल, तिथे एस्टर बंध, आणि पुन्हा पाणी. छोटा रेणू बाहेर टाकत होणाऱ्या या जोडणीला संघनन बहुवारिकीकरण म्हणतात.

वॉलेस कॅरोथर्स हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ड्यूपॉन्ट कंपनीत हेच काम करत होता. श्टाउडिंगरचं म्हणणं खरं असेल तर आपण साखळी दुवा-दुवा जोडून मुद्दाम बांधून दाखवू, हा त्याचा बाणा. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याच्या गटाने नायलॉन ६६ तयार केलं. १९३८ साली त्याचे दात घासायचे ब्रश बाजारात आले आणि १९४० च्या मे महिन्यात बायकांचे मोजे. कॅरोथर्सने यातलं काही पाहिलं नाही. नैराश्याने ग्रासलेल्या या माणसाने १९३७ सालीच आयुष्य संपवलं.

त्याचं एक साधं गणित मागे राहिलं आहे. सगळ्या हातांपैकी जेवढा अंश जोडला गेला तो एकातून वजा करा आणि एकाला त्या उत्तराने भागा, सरासरी साखळीत किती तुकडे आहेत ते मिळेल. निम्मे हात जोडले तर सरासरी लांबी फक्त २. नव्वद टक्के जोडले तरी १०. पंच्याण्णवला २०. नव्याण्णवला १००, साडेनव्याण्णवला २००. परीक्षेत पंच्याण्णव टक्के मिळाले तर पेढे वाटतात. नायलॉन करताना पंच्याण्णव टक्के म्हणजे हातात ठिसूळ पूड, धागा नाही.

शिवाय दोन्ही गडी मोजून सारखे हवेत. आम्लवाले थोडे जास्त झाले तर शेवटी सगळी टोकं आम्लाचीच उरतात आणि कोणाला कोणाचा हात धरता येत नाही. म्हणून नायलॉन ६६ करताना आधी दोघांचं क्षार बनवून त्याचे स्फटिक करतात. क्षारात प्रमाण आपोआप एकास एक राहतं.

बाहेर पडणारं पाणी एवढं महत्त्वाचं का?

कारण अभिक्रिया उलटीही चालते. पाणी तिथेच राहू दिलं तर ते बंध तोडत बसतं. पॉलिएस्टर बनवताना शेवटी २७०-२९० अंशांवर निर्वात पोकळी करून पाणी आणि जादा ग्लायकॉल ओढून काढावे लागतात.

कारखान्यातल्या मुलांना याचा अनुभव पावसाळ्यात येतो. पेटचा (म्हणजे बाटल्यांच्या पॉलिएस्टरचा) किंवा नायलॉनचा दाणा हवेतली ओल शोषतो. ड्रायरमधून नीट वाळवून न घेता मशीनला लावला, की बॅरलच्या उष्णतेत हीच ओल साखळ्या तोडते. माल दिसायला कधी ठीक, कधी त्यावर चंदेरी रेघा, आणि वाकवला की काडकन मोडतो. एका विद्यार्थ्याने असा तुकडा आणून विचारलं होतं, "सर, दाणा खराब आला का?" दाणा चांगला होता. रात्रपाळीत हॉपर ड्रायर बंद पडला होता.

फेविकॉल आणि फेविक्विक दोन्ही चिकटवतात. दोन्हींत हेच घडतं का?

माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण उत्तर उलटसुलट आहे.

फेविकॉलच्या डब्यात साखळ्या आधीच तयार असतात. पॉलिव्हायनिल ॲसिटेटचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात, म्हणून तो दुधासारखा दिसतो. सुतार तो लाकडाला लावतो, पाणी लाकडात आणि हवेत जातं, गोळे एकमेकांना चेपून एकजीव होतात आणि पारदर्शक थर बनतो. नवी साखळी होत नाही. पॉलिमर कारखान्यातच झालेलं आहे, तुमच्या घरी ते फक्त वाळतं.

फेविक्विकच्या नळीत पॉलिमर नसतंच म्हटलं तरी चालेल. आत सुटे रेणू असतात, सायनोॲक्रिलेटचे. म्हणून ते पाण्यासारखं पातळ. हे रेणू इतके उतावळे, की राज्य द्यायला पेरॉक्साइड लागत नाही. पृष्ठभागावरची नकळत असलेली ओल पुरते. तुम्ही दोन तुकडे दाबून धरता त्या काही सेकंदांत तुमच्या बोटांखाली साखळ्या तयार होत असतात. खरोखरीचं बहुवारिकीकरण, टेबलावर. नळीत ते घडू नये म्हणून थोडं आम्ल घातलेलं असतं. ते ओलीचा परिणाम मारून टाकतं. एकदा उघडलेली नळी आठवड्याभरात दगड होते, तीही हवेतल्या ओलीनेच. आणि जाड थर लावला तर लवकर घट्ट होत नाही, कारण ओल मधल्या भागापर्यंत पोचत नाही. थेंब कमी टाकला तर जास्त चिकटतं, हे म्हणूनच.

एक सावधगिरी: हे कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडू देऊ नका. कापसाच्या तंतूंचं क्षेत्रफळ मोठं, त्यावर ओल असतेच, अभिक्रिया एकदम होते आणि चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

एम-सीलचा प्रकार तिसराच. दोन रंगांच्या लाद्या मळून एकत्र करायच्या. एकीत इपॉक्सी, दुसरीत त्याचे हात धरणारा जोडीदार. मळणं नीट झालं नाही तर मध्ये कच्चं राहतं, कारण हातांची संख्या जुळली नाही. कॅरोथर्सच्या गणितातून प्लंबरचीही सुटका नाही.

दातांचे डॉक्टर सिमेंट भरून निळा दिवा लावतात. तो कशाला?

राज्य देण्यासाठी. त्या भरणात मेथॅक्रिलेटचे रेणू आणि काचेसारखी पूड असते. सोबत कॅम्फरक्विनोन नावाचं एक पिवळसर द्रव्य, जे सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषून मुक्त मूलक तयार करवतं. वीसेक सेकंदांत भरण कडक. प्रकाश खोलवर पोचत नाही म्हणून डॉक्टर साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर भरतात. तुम्हाला वाटतं वेळ काढतायत.

घट्ट होताना भरण किंचित आकसतंही. जोडणीआधी दोन रेणू तीन-चार दशांश नॅनोमीटर अंतर ठेवून असतात, बंध झाला की अंतर दीड दशांशावर येतं. लाखो जोडण्यांत हे थोडं-थोडं जवळ येणं मिळून दोन-तीन टक्के घट होते. दाढेच्या कडेला फट पडू नये म्हणून डॉक्टरांना त्याचा विचार करावा लागतो.

दुधाची पिशवी आणि भक्कम कॅन दोन्ही पॉलिथिनचे कसे?

साखळीला फांद्या आहेत की नाहीत यावर. वर सांगितलेल्या उच्च दाबाच्या पद्धतीत राज्य अधूनमधून टोकावरून उडून साखळीच्या मध्येच जातं आणि तिथून फांदी फुटते. फांद्यांची झुडपं जवळ-जवळ रचता येत नाहीत. घनता कमी, पदार्थ मऊ, ११० अंशांच्या आसपास वितळणारा. दुधाच्या पिशवीत हा आणि त्याचा एक आखूड फांद्यांचा भाऊ असे दोघे मिसळलेले असतात.

१९५३ साली जर्मनीत म्युल्हाइमला कार्ल त्सीग्लर यांच्या प्रयोगशाळेत टायटॅनियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियमच्या संयुगाचा उत्प्रेरक सापडला. मुळात भांड्यात राहून गेलेल्या निकेलच्या अंशाने एक प्रयोग बिघडवला होता. बिघाड का झाला हे शोधताना त्यांनी एकेक धातू तपासला आणि टायटॅनियमपाशी पोचले. या उत्प्रेरकावर नवा दुवा टोकाला नाही, तर धातू आणि साखळी यांच्यामध्ये सरकवला जातो, केस मुळापासून वाढतात तसा. फांद्या जवळजवळ नाहीत. नेहमीच्या वातावरणदाबावरही काम होतं. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते, तसं हे पॉलिथिन दाट, टणक आणि १३० अंशांपर्यंत टिकणारं. इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पुढच्याच वर्षी अशाच उत्प्रेरकाने पॉलिप्रॉपिलीन केलं, ज्यात बाजूचे गट सगळे एकाच अंगाला ओळीत बसतात. दोघांना मिळून १९६३ चं नोबेल.

महाराष्ट्रात हे पाहायचं तर मुंबई-गोवा रस्त्याने जाताना रायगड जिल्ह्यात नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल लागतं. तिथे नैसर्गिक वायूतल्या घटकांपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन बनतं.

साबुदाणा आणि सुती धोतर दोन्ही ग्लुकोजचेच, हे खरं का?

खरं. दोन्हींतला दुवा ग्लुकोजच. फरक फक्त एका बंधाच्या दिशेचा. स्टार्चमध्ये तो अशा कोनात असतो की साखळीला वळण मिळतं. सेल्युलोजमध्ये एक दुवा सुलटा, पुढचा उलटा, त्यामुळे साखळी पट्टीसारखी सरळ राहते आणि शेजारणीला घट्ट चिकटते. कापसात एका साखळीत दहा हजारांपर्यंत ग्लुकोज असू शकतात.

साबुदाणा भिजवला की पाणी आत शिरून तो फुगतो, शिजवला की पारदर्शक होतो. धोतर कितीही भिजवा, उकळा, विरघळत नाही. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चचा बंध तोडतं, सेल्युलोजच्या बंधाला ते हातही लावत नाही. उपासाची खिचडी पचते आणि धोतर पचत नाही ते एका बंधाच्या वळणामुळे. पैठणीचं रेशीमही बहुवारिकच, पण अमिनो आम्लांचं.

सगळी बहुवारिकं म्हणजे प्लास्टिक का?

मुळीच नाही. वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. डीएनएही आलं त्यात.

काही प्लास्टिक वितळतं, कुकरचं हँडल का वितळत नाही?

सुट्या साखळ्या असतील तर तापवल्यावर एकमेकींवरून घसरतात, म्हणजे वितळतात. बेकलाइटमध्ये (लिओ बेकलँड, १९०७) तीन हातांचे जोड असल्याने आख्खं हँडल म्हणजे एकच जाळं, जवळपास एकच रेणू. घसरायला जागाच नाही. फार तापवलं तर करपतं, वितळत नाही. रबरात गंधकाचे मोजकेच आडवे टाके घातलेले असतात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ साली कळलं, साखळी म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसताना.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत कढत पाणी ओतलं की ती आकसते, ते मात्र वितळणं नव्हे. पेट २५० अंशांच्या पुढे वितळतं. पण बाटली फुगवताना साखळ्या ताणून तशाच गोठवलेल्या असतात आणि पंचाहत्तर अंशांच्या आसपास त्यांना हालचालीची मोकळीक मिळते. मिळाली की त्या पुन्हा गुंडाळी करून बसतात.

बहुवारिकीकरण हाताबाहेर जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. दुहेरी बंध उघडून एकेरी होताना उष्णता बाहेर पडते. स्टायरीनच्या एका मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल. ही उष्णता बाहेर नेली नाही तर द्रवाचं तापमान तीनशेएक अंशांनी वाढवायला पुरेशी आहे. तापमान वाढलं की अभिक्रिया वेगाने होते, वेगाने झाली की आणखी तापते. शिवाय साखळ्या वाढल्या की द्रव घट्ट होतो, राज्य असलेली टोकं एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत, म्हणजे खेळ थांबत नाही. छोटे रेणू मात्र अजूनही पोचतात. वेग आणखी वाढतो.

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ हेच घडलं. टाळेबंदीत बंद असलेल्या कारखान्याच्या टाकीत स्टायरीन साठवलं होतं. स्टायरीन आरंभकाशिवायही, नुसत्या उष्णतेने, हळूहळू जुळायला लागतं. म्हणून त्यात रोधक घालतात आणि ते थंड ठेवतात. तिथे दोन्ही बाबी कमी पडल्या. टाकी आतून तापली, १४५ अंशांना उकळणाऱ्या स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि झोपलेल्या वस्तीतल्या बारा जणांचा जीव गेला. मुलांना मी सांगायचो, की रोधक हा शब्द पुस्तकात अर्ध्या ओळीत येतो, तरी तो पाठ करा.

साखळी उलगडून पुन्हा सुटे रेणू मिळवता येतात का?

पॉलिमर पाहून ठरतं. ज्यातून पाणी बाहेर काढून जोड केला त्यात पाणी किंवा ग्लायकॉल परत घालून जोड सोडवता येतो. पेट आणि नायलॉन असे मोडतात. ॲक्रिलिकचा पत्रा तापवला तर त्याची साखळी चेन उघडावी तशी टोकाकडून उलगडते आणि मूळ एकवारिक बऱ्याच अंशी परत मिळतं. पॉलिथिनचं तसं नाही. तापवलं तर कुठेही तुटतं आणि हाती येतं मेण, तेल, वायू यांचं कडबोळं. भंगारवाला ज्या बाटल्या वेगळ्या काढतो आणि ज्या पातळ पिशव्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामागे भाव आणि वजन आहेच, पण थोडं हेही आहे.

निसर्गातले जंतूही पॉलिथिनपुढे हतबल का, याचं उत्तर इथेच आहे. कार्बन-कार्बनच्या सरळ ओळीत त्यांच्या विकरांना धरायला आकडाच मिळत नाही. स्टार्चमध्ये दर दुव्याला ऑक्सिजन असतो.

बारावीच्या परीक्षेसाठी: समावेशन म्हणजे राज्याचा खेळ आणि संघनन म्हणजे सगळ्यांचा, असं पक्कं धरू का?

बहुतेक वेळा चालेल, पण गुण कापून घ्यायचे नसतील तर दोन अपवाद लक्षात ठेवा. पॉलियुरेथेनमध्ये (गादीतला फोम, बुटाचे तळ) जोडणी सगळ्यांची सगळ्यांशी होते, पण जोड होताना पाणी बाहेर पडत नाही. नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टम या एकाच वलयाकार रेणूपासून होतं: वलय उघडतं आणि साखळीला जोडलं जातं. बंध मात्र नायलॉन ६६ सारखाच अमाइडचा.

गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची दोन-तीन वर्षांत तडकते, काळी पाण्याची टाकी मात्र टिकते. का?

खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. उन्हातले अतिनील किरण तिच्यात मुक्त मूलक तयार करतात, म्हणजे पुन्हा तेच राज्य, पण या वेळी जोडायला नाही तर तोडायला. हवेतला ऑक्सिजन त्याला मिळतो आणि साखळ्या मधूनच कापल्या जातात. लांबी घटली की गुंता सुटतो. वरून हात फिरवलात तर बोटांना पांढरी भुकटी लागते. ती आखूड झालेल्या साखळ्यांची. टाकीच्या पॉलिथिनमध्ये काजळी मिसळलेली असते, वजनाच्या दोन-अडीच टक्के. ती किरण वरच्या थरातच शोषून घेते. खुर्ची घेताना गडद रंगाची घ्या आणि बसण्याआधी पाय एकदा वाकवून बघा.